नुसतं बोलून काय होतं?

समुपदेशनाचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी हे विचारतंच. कधी वडील, कधी नवरा, आणि पुष्कळदा ज्याला त्रास होतोय तो माणूसच स्वतःला विचारत असतो. गोळी नाही, इंजेक्शन नाही, तासभर बोलायचं आणि वर त्याचे पैसे द्यायचे. बोलायचंच असेल तर मैत्रीण आहे की! प्रश्न अगदी रास्त आहे. पैसे, वेळ आणि मनातलं सगळं ज्याच्यापुढे ठेवायचं, त्या उपचाराचा पुरावा मागायलाच हवा.

हा प्रश्न सगळ्यात जोरात विचारला तो एका मानसशास्त्रज्ञानंच. १९५२ साली लंडनच्या हान्स आयसेंक यांनी आकडे मांडून दाखवलं की चिंता, भीती अशा तक्रारी असलेल्या तिघांपैकी दोघं दोनेक वर्षांत आपसूकच सावरतात, आणि मानसोपचार घेणाऱ्यांचं प्रमाण त्याहून काही जास्त दिसत नाही. त्यावर मोठं वादळ उठलं. पण त्यातूनच उपचार मिळालेल्या आणि न मिळालेल्या माणसांची रीतसर तुलना करणारे अभ्यास वाढत गेले. १९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास या अमेरिकन संशोधकांनी अशा ३७५ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. उपचार घेतलेला सरासरी माणूस उपचार न घेतलेल्या शंभरातल्या पंचाहत्तर जणांपेक्षा बऱ्या अवस्थेत असतो, असं त्यातून निघालं. पुढच्या अधिक काटेकोर अभ्यासांत हा फायदा थोडा कमी भरला, पण तो पुसला गेला नाही.

मला मात्र याहून जवळचा वाटतो तो गोव्यातला पुरावा. 'संगत' ही संस्था तिथे १९९६ पासून काम करते, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. या मंडळींनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांपैकी निम्म्यांना डॉक्टरांकडून मिळणारे नेहमीचे उपचार मिळाले, आणि उरलेल्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ भेटींचं समुपदेशन. हे समुपदेशक कोण होते? मानसशास्त्राची पदवी नसलेली, त्याच भागातली माणसं. त्यांना या कामासाठी खास प्रशिक्षण दिलेलं होतं. तीन महिन्यांनी पाहिलं तर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष आले, आणि वर्षभरानंतरच्या तपासणीतही फायदा टिकून होता.

त्या सहा-आठ भेटींत नेमकं होतं काय, हे पाहिलं की 'नुसतं बोलणं' म्हणजे काय ते कळतं. समजा, फोंड्याकडची एक पन्नाशीची बाई आहे. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, गुडघे दुखू लागले. हळूहळू तिनं संध्याकाळचं देवळात जाणं सोडलं, मग शेजारणीकडे जाणं, मग परसातल्या झाडांकडे बघणंही. प्रत्येक गोष्ट सोडताना त्या क्षणी बरंच वाटलं, कारण थकवा होता. पण त्या गोष्टींबरोबर दिवसातले चार बरे क्षणही गेले. क्षण गेले तसं मन आणखी खाली गेलं, आणि आणखी काही सुटलं. समुपदेशक तिला 'उदास राहू नका' असं सांगत नाही. तो एक तक्ता देतो: सकाळी काय केलं, दुपारी काय केलं, तेव्हा मन कसं होतं, शून्य ते दहा. आठवड्यानं दोघं मिळून तो तक्ता वाचतात. दिवसभर दोनवर असलेला आकडा बुधवारी साडेपाचला पाचवर गेलेला दिसतो. तेव्हा काय चाललं होतं? शेजारीण अबोलीची फुलं न्यायला आली होती, दहा मिनिटं गप्पा झाल्या. मग पुढच्या आठवड्यासाठी ठरतं ते एवढंच: मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाचला झाडांना पाणी, आणि शेजारणीला हाक. मन लागो न लागो.

'बरं वाटलं की जाईन' असं आपण सगळेच म्हणतो. नैराश्यात हा क्रम उलटा लावावा लागतो: आधी जायचं, मग बरं वाटायला लागतं. मैत्रीण मायेनं ऐकून घेईल, धीर देईल, आणि त्याचं मोल मोठं आहे. पण ती तक्ता ठेवून दर आठवड्याला तुमच्याबरोबर तो तपासणार नाही.

पॅनिक अटॅकमध्ये कामाची पद्धत वेगळी असते. छाती धडधडते, श्वास अपुरा पडतो, आता हार्ट अटॅकच येणार असं वाटतं. ईसीजी मात्र नॉर्मल. १९८६ मध्ये डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं यातलं चक्र उलगडून दाखवलं. शरीरातल्या साध्या बदलाचा भयंकर अर्थ लावला जातो, त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड त्या अर्थाचा पुरावाच ठरते. हृदयाची तपासणी ठीक असेल तर थेरपिस्ट तुम्हाला खोलीतच मुद्दाम मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, किंवा जिना चढून यायला सांगतात. तीच धडधड, तीच चक्कर; आणि काहीही होत नाही. 'काही होणार नाही' हे शंभरदा ऐकून जे मनाला पटलेलं नसतं, ते इथे शरीराला कळतं.

आता पहिल्या भेटीबद्दल, कारण अनेकांचं पाऊल अडतं ते तिथेच. पहिलं सेशन बहुतेक वेळा माहिती घेण्यात जातं. त्रास कधीपासून आहे, झोप कशी आहे, भूक लागते का, घरात कोण कोण आहे, कामाचं काय चाललंय, कुठली औषधं चालू आहेत, दारू-तंबाखू, आधी कधी असं झालं होतं का. गेल्या दोन आठवड्यांबद्दलची नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावलीही देतात. तिचे गुण शून्य ते सत्तावीस. ही परीक्षा नव्हे. काही आठवड्यांनी तीच पुन्हा भरली की फरक पडतोय का ते आकड्यांत दिसतं. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारतात. त्यानं दचकू नका. असं विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरतात ही समजूत अभ्यासांनी खोटी ठरवली आहे. उलट अनेकांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो.

काय बोलायचं ते सुचलं नाही तर? तसंच सांगा. रडू आलं तर येऊ द्या. सगळं पहिल्याच दिवशी सांगायचं बंधन नाही. एखाद्या विषयावर 'आज नको' म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि चांगला थेरपिस्ट तो मानतो. आणि हो, तुम्हीही प्रश्न विचारा. शिक्षण काय, कुठे झालं, माझ्यासारख्या त्रासावर आधी काम केलंय का, कोणत्या पद्धतीनं करणार, साधारण किती भेटी लागतील. या प्रश्नांनी राग येणारा थेरपिस्ट असेल तर दुसरा शोधावा, असं मी ठामपणे म्हणेन.

शिक्षणाचं विचारायलाच हवं, कारण आपल्याकडे 'समुपदेशक' अशी पाटी लावायला आजही फारसा अडसर नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. औषधं तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत. चाचण्या आणि थेरपी हे त्यांचं काम, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती नोंदणी पडताळून पाहता येते. याशिवाय मानसशास्त्रात एमए करून समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलेले पुष्कळ चांगले लोक आहेत. त्यांचं प्रशिक्षण कुठे झालं आणि त्यांच्या कामावर कुणा अनुभवी तज्ज्ञाची देखरेख आहे का, हे विचारावं. कानात आवाज येणं, दिवसेंदिवस झोपेची गरजच न वाटणं, खाणंपिणं सुटणं, आत्महत्येचा बेत मनात शिजणं यांपैकी काही असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावं. आणि नव्यानं सुरू झालेल्या थकव्या-उदासीत एकदा थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घेणं शहाणपणाचं, कारण या दोन्हींची कमतरता हुबेहूब नैराश्यासारखी दिसू शकते.

घरच्यांना कळेल का, ऑफिसात कळेल का, उद्या स्थळ बघताना कुणी हा विषय काढेल का? ही भीती मला सगळ्यात खरी वाटते, कारण ती अनुभवातून आलेली असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. त्याला मोजके अपवाद आहेत: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश अशा परिस्थिती. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. हे अपवाद थेरपिस्टनं पहिल्याच भेटीत सांगायला हवेत. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. पण मूल काय बोललं याचा शब्दन् शब्द पालकांनी मागू नये. तसं झालं तर पुढच्या वेळी मूल काही बोलणारच नाही.

ऑनलाइन सेशनमध्ये गोपनीयतेचा खरा प्रश्न घराच्या भिंतींचा असतो. चिंता आणि नैराश्यात व्हिडिओवरच्या थेरपीचे परिणाम समोरासमोरच्या थेरपीच्या जवळपास येतात, असं अभ्यास सांगतात. पण दोन खोल्यांच्या घरात सासूबाई शेजारी टीव्ही बघत असताना सासूबाईंबद्दल कसं बोलणार? लोक सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून सेशन घेतात, कुणी गच्चीवर जातात. हे थेरपिस्टला सांगून ठेवावं, म्हणजे मध्येच 'हो, नाही' एवढ्यावर उत्तरं आली तरी त्यांना समजतं. परदेशातल्या मराठी मंडळींनी एक पाहावं: अमेरिकेत थेरपिस्टचा परवाना राज्यानुसार असतो, त्यामुळे दुसऱ्या राज्यात किंवा देशात बसलेल्या कुणाकडून उपचार घेण्याआधी नियम विचारून घ्यावेत.

'ते सल्लाच देत नाहीत' ही तक्रार आपल्याकडे फार ऐकू येते. वडीलधाऱ्यांकडे गेलं की ते निकाल देतात, तसं इथेही मिळेल अशी अपेक्षा असते. घटस्फोट घेऊ का, नोकरी सोडू का, यांची उत्तरं थेरपिस्ट देत नाही, कारण त्या निर्णयाबरोबर जगायचं असतं तुम्हाला. पण याचा अर्थ त्यानं नुसतं मान डोलवत बसावं असाही नाही. १९७९ मध्ये एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांवर विश्वास. हे नातं जितकं घट्ट, तितका गुण येण्याची शक्यता जास्त, हे नंतर शेकडो अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून तीन-चार भेटींनंतरही आपण इथे कशासाठी येतोय हे सांगता येत नसेल, तर ते बोलून दाखवावं. 'मागच्या वेळी तुम्ही म्हणालात ते मला लागलं' हे वाक्य थेरपीत बिघाड करत नाही. नीट हाताळलं गेलं तर उपचार तिथूनच वेग घेतो. काही गोष्टी दिसल्या तर मात्र त्या थेरपिस्टकडे पुन्हा जाऊच नये: दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी नावानिशी सांगणं, जवळीक साधू पाहणं, खात्रीनं बरं करण्याची हमी, किंवा डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायला सांगणं.

किती दिवस लागतात? १९८६ च्या एका गाजलेल्या विश्लेषणात आठ सेशनपर्यंत साधारण निम्म्या लोकांत सुधारणा दिसली होती, आणि सव्वीसपर्यंत तीन-चतुर्थांश लोकांत. एखादी विशिष्ट भीती लवकर आटोक्यात येते. लहानपणापासूनच्या जखमांना वेळ लागतो. सुरुवातीला काही दिवस जड जातात, कारण दाबून ठेवलेलं वर येतं. थोड्या लोकांना, अभ्यासांनुसार शंभरातल्या पाच ते दहा जणांना, थेरपीत असताना आधीपेक्षा जास्त त्रास होतो, म्हणूनच ती प्रश्नावली पुन्हा पुन्हा भरायची. आणि फिजिओथेरपीत जसा खरा व्यायाम घरी करायचा असतो, तसं इथेही दोन भेटींमधल्या सहा दिवसांत काय केलं यावर पुष्कळ अवलंबून असतं. बरं वाटू लागलं की भेटी पंधरवड्यानं, मग महिन्यानं होतात, आणि शेवटी त्रास परत येऊ लागल्याच्या खुणा व तेव्हा काय करायचं हे कागदावर लिहून घेतलं जातं.

पैशांचं मात्र अवघड आहे. शहरातल्या खासगी सेशनची फी दर आठवड्याला भरणं अनेकांना झेपत नाही. मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा असं २०१७ चा कायदा म्हणतो, पण बऱ्याच पॉलिसी दाखल झाल्यावरचाच खर्च देतात. समुपदेशनाची फी खिशातूनच जाते. फी कमी करता येईल का हे विचारायला लाजू नये, अनेक थेरपिस्ट काही जागा त्यासाठी राखून ठेवतात. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे गेलं म्हणजे दाखल करून घेतात असं नाही. आणि यातलं काहीच आज जमत नसेल तर केंद्र सरकारची 'टेली मानस' ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, दिवसरात्र चालू, फोन मोफत, आणि मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज वाटली तर ते पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात.