रेस सोडली तरी ट्रॅक्टर थांबत का नाही?

आजवर मोटरसायकल आणि घरची चारचाकी एवढंच चालवलेल्या पोराला लायसनच्या टेस्टसाठी चुलत्याचा जुना ट्रॅक्टर मिळाला, की पहिली फजिती वळणावर होते. वळण आलं म्हणून तो रेसवरचा पाय काढतो आणि वेग आपोआप उतरायची वाट बघतो. ट्रॅक्टर त्याच चालीनं वळणात शिरतो. स्टिअरिंगजवळची हातरेसची कांडी अर्ध्यावर राहिलेली असते. पायानं रेस वाढवता येते, पण कांडीनं जिथं बांधली आहे त्याच्या खाली ती येत नाही.

'आधी कांडी खाली घे' एवढं सांगून मोकळं होता येईल. पण अनोळखी ट्रॅक्टरवर नुसत्या सूचना पाठ केल्या, तर शेजारी निरीक्षक उभा राहिल्यावर त्या हमखास उलट्यासुलट्या होतात. त्यापेक्षा यंत्र असं का वागतं ते कळलं, तर पाठांतराची गरजच कमी होते.

पेट्रोल गाडीत रेसचं पेडल इंजिनात हवा किती जाणार ते ठरवतं. चढ लागला की इंजिनाचे फेरे पडतात आणि पेडल आणखी दाबायचं काम चालकाचं असतं. ट्रॅक्टरची कांडी वेगळी गोष्ट ठरवते: मिनिटाला फेरे किती हवेत. तेवढे फेरे राखायला डिझेल किती सोडायचं ते गव्हर्नर बघतो. त्याच्या आत फिरणारी वजनं असतात. फेरे वाढले की ती बाहेर फाकतात आणि डिझेल कमी होतं. फेरे पडले की स्प्रिंग त्यांना आत ढकलते आणि डिझेल वाढतं. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या काही जुन्या पंपांत वजनांच्या जागी हवेच्या ओढीनं हलणारा पडदा असतो, काम तेच. जेम्स वॉटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला असाच गव्हर्नर जोडला होता. पुढं १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं गव्हर्नरवर शोधनिबंध लिहिला, आणि यंत्रांच्या स्वयंनियंत्रणाचं गणित तिथून उभं राहिलं.

कोल्हापूर भागातल्या माणसानं गव्हर्नर पाहिला नसला तरी ऐकलेला असतो. डिझेल इंजिनावरच्या गुऱ्हाळात चरकात ऊस घातला की इंजिनाचा आवाज क्षणभर दबतो, आणि कुणी हात न लावता पुन्हा भरून येतो. ट्रॅक्टरवर क्लच सोडताना नेमका हाच आवाज ऐकायचा असतो. म्हणून तर जुनी माणसं शिकाऊ पोराला सांगतात, "रेस देऊ नको, नुसता क्लच सोड. जातोय त्यो." चारचाकीत रेस न देता झटकन क्लच सोडला की इंजिन बंद पडतं, त्यामुळं पोरगा घाबरून रेस देतो आणि ट्रॅक्टर उडी मारून सुटतो. सपाट जागेवर, ट्रॉली नसताना, मंद फेऱ्यांवरसुद्धा ट्रॅक्टर सावकाश चालू लागतो. लागेल तेवढं डिझेल गव्हर्नर स्वतः वाढवतो.

आता गिअर. खरी अडचण इथं आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १५व्या नियमात टेस्टला काय काय बघायचं त्याची यादी आहे. सरळ निघून एकेक करत वरच्या गिअरपर्यंत जाणं, गरज पडल्यावर पटकन खालच्या गिअरवर येणं, उतारावर खालचा गिअर घेणं, चढावर थांबून मागं न घसरता पुन्हा सुटणं, मागं घेत मर्यादित जागेत शिरणं वगैरे. ही यादी लिहिताना डोळ्यांसमोर मोटारगाडी असावी असंच वाटतं. कारण तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या बहुतेक ट्रॅक्टरांचा गिअरबॉक्स चालत्या गाडीत गिअर बदलण्यासाठी केलेलाच नाही.

मोटारीत दोन दातेरी चाकं जुळण्याआधी पितळी कड्यांचं घर्षण त्यांचा वेग सारखा करतं. जुन्या ट्रॅक्टरात हे कडंच नसतं. दांड्यावरचं अख्खं चाक सरकून दुसऱ्या चाकाच्या दातांत जातं. दोघांचे दात सारख्या वेगानं जात नसतील तर ते एकमेकांवर करकरतात आणि टोकं झिजतात. शेतात यानं काही बिघडत नाही. नांगरताना क्लच दाबला की ट्रॅक्टर हातभर अंतरात उभा राहतो, मग चालत्यात गिअर बदलणार कधी? जागेवर उभं राहून हाय-लोची (सगळेच गिअर जलद की संथ ते ठरवणारी) दांडी आणि गिअर दोन्ही निवडायचे आणि शेवटपर्यंत त्याच गिअरवर जायचं, हीच रीत.

रस्त्यावर गिअर बदलायचाच असेल तर दातांचा वेग आपणच जुळवावा लागतो. वरचा गिअर घेताना क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचा, क्लच सोडायचा, आतलं चाक मंद होईपर्यंत क्षणभर थांबायचं, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. खाली येताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून थोडी रेस द्यायची, कारण खालच्या गिअरला आतलं चाक जास्त वेगानं फिरायला हवं असतं. हे एका दुपारीत जमत नाही. अनोळखी ट्रॅक्टरवर ते कानानंच जमतं, आणि प्रत्येक ट्रॅक्टरचा 'क्षणभर' वेगळा असतो. टेस्टच्या आधी रिकाम्या माळावर निदान वर जाणारे दोन गिअर बिनआवाजी पडेपर्यंत सराव करावा. ज्या गिअरवर सुटायचं ठरलं आहे तो निरीक्षकाला आधीच सांगितला तरी हरकत नाही.

उतारावर मात्र हा खेळ अजिबात करायचा नाही. खालचा गिअर पडला नाही आणि वरचाही परत जाईना, तर ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये सुटतो. इंजिनाचा आवर जातो आणि सगळी भिस्त ब्रेकवर येते. जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या रस्त्यावर भरल्या ट्रॉलीसह हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. गिअर उतार लागायच्या आधी, वरच घ्यायचा.

ब्रेकची दोन पेडलं बघून नवखा माणूस बावचळतो. दोन्ही उजव्या पायाखाली असतात. एक डाव्या मागच्या चाकाचं, एक उजव्या. पुढच्या चाकांना बहुधा ब्रेकच नसतो. अशी सोय का? मागच्या दोन चाकांमधला डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची फिरकी दोन्ही चाकांत वाटणारी दातेरी चाकांची जुळणी, दोघांच्या वेगांची सरासरी कायम ठेवतो. एक चाक ब्रेकनं अडवलं की दुसरं दुप्पट वेगानं फिरतं, आणि सरीच्या टोकाला ट्रॅक्टर जवळजवळ जागेवर वळतो. शेतात हे वरदान आहे. रस्त्यावर वेगात असताना पाय चुकून एकाच पेडलवर पडला तर ट्रॅक्टर त्या बाजूला झटका मारतो. दोन्ही पेडलं जोडणारी खिट्टी असते. जुन्या ट्रॅक्टरवर ती गंजून अडकलेली किंवा तारेनं बांधलेली सापडते. रस्त्यावर जायच्या आधी ती बसते का, आणि दोन्ही बाजूंचा ब्रेक सारखा लागतो का, हे मोकळ्या जागेत बघून घ्यावं. एक बाजू ओढत असेल तर टेस्टच्या आधी मिस्त्रीकडंच जावं.

चढावरून सुटायची वेळ आली की सुरुवातीला फसवणारी हातरेसच कामाला येते. कित्येक जुन्या ट्रॅक्टरांना निराळा हँडब्रेक नसतो, दाबलेलं पेडल अडकवून ठेवायची सोय असते. तेव्हा उजवा पाय जोडलेल्या दोन्ही ब्रेकवर ठेवायचा, रेस हातानं थोडी वर बांधायची, आणि डाव्या पायानं क्लच सावकाश सोडायचा. आवाज दबला म्हणजे क्लच लागला. गव्हर्नरनं तो पुन्हा उचलला की ब्रेक सोडायचा. ट्रॅक्टर बोटभरही मागं येत नाही. मोटारीत यासाठी तीन पाय असते तर बरं झालं असतं असं वाटतं, ट्रॅक्टरवर दोन पुरतात.

क्लच सावकाश सोडायचा हा नुसता नखरा नाही. थोडा हिशोब करून बघू. ३५ अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर साधारण १२५ न्यूटन-मीटर पिळ (फिरवणारा जोर) देतं. खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या १०० फेऱ्यांना मागचं चाक एकदा फिरतं असं धरलं, तर आसावर, घर्षणात जाणारा वाटा सोडून, १२,५०० न्यूटन-मीटर पिळ पोचतो. आता ट्रॅक्टरचं वजन १७०० किलो आणि गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ७० सेंटिमीटर पुढं धरा. नाक खाली दाबून ठेवणारा पिळ येतो जेमतेम ११,७०० न्यूटन-मीटर. म्हणजे चाक चिखलात रुतून अडकलं असेल आणि क्लच एकदम सोडला, तर चाक फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच आसाभोवती फिरून नाक उचलू शकतो. चढावर गुरुत्वमध्य आसाच्या आणखी जवळ सरकतो आणि नाक हलकं होतं. नाक उचललंच तर उपाय एकच, क्लच दाबायचा. त्याला सेकंदभराचीच फुरसत असते, म्हणून डावा पाय क्लचपासून फार लांब जाऊ द्यायचा नाही.

वळणातला धोका निराळा. पुढचा आस मधल्या एका खिळ्यावर डोलतो, त्यामुळं बराच कलेपर्यंत ट्रॅक्टर चार चाकांवर नाही, तीन टेकूंवर उभा असतो: मागची दोन चाकं आणि तो खिळा. बाहेर लोटणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी १० किलोमीटरनं सहज घेतलेलं वळण २० नं घेतलं तर जोर चौपट. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या ट्रॅक्टरावर जागेवर उभं राहून चाक फिरवायला जाऊ नये, किंचित चालू द्यावं आणि मग वळवावं. अंगठे स्टिअरिंगच्या आत गुंतवू नयेत. पुढचं चाक दगडाला लागलं की स्टिअरिंग उसळून फिरतं आणि अंगठा मोडू शकतो.

बंद करतानाही चावीवर विसंबायचं नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट आवळली जाऊन ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि त्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. त्यामुळं जुन्या ट्रॅक्टराची चावी काढून खिशात घातली तरी इंजिन चालूच राहतं. स्टॉपचा नॉब ओढून डिझेल तोडावं लागतं. तो कुठं आहे हे आदल्या दिवशीच शोधून ठेवावं, आणि नंतर पूर्ण आत ढकलायला विसरू नये. नाहीतर पुढच्या वेळी स्टार्टर नुसता घरघरत बसतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. लर्निंग लायसन मिळाल्यावर ३० दिवसांनी टेस्ट देता येते आणि ते लर्निंग सहा महिने चालतं. आणलेला ट्रॅक्टर १५ वर्षांपेक्षा जुना असेल तर त्याची नोंदणी नव्यानं करून घेतली आहे का, विमा चालू आहे का, ते मालकाला विचारावं. चुलत्याला हे विचारणं अवघड जातं, तरी विचारावं.

आणि टाकी अर्ध्याच्या वर ठेवावी. डिझेल संपून नळीत हवा शिरली की पंपाचा सगळा दाब ती हवा आवळण्यातच जातो, डिझेलचा फवारा मारणारा इंजेक्टर उघडायला लागणारा वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब तयारच होत नाही. मग टाकी भरली तरी इंजिन लागत नाही. पाना घेऊन फिल्टरचा आणि पंपाचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढायची. इस्त्रीच्या शर्टावर हे काम करावं लागू नये.