बोटीची बॅटरी वारंवार उतरत असेल तर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

संध्याकाळी पूर्ण चार्ज असलेली बॅटरी पहाटे सेल्फ घेत नाही, ही हंगामात आमच्याकडे सर्वाधिक येणारी तक्रार आहे. अशा वेळी बहुतेक नौकामालक थेट नवी बॅटरी मागतात. आम्ही बॅटऱ्या विकतो, तरीही आमची आग्रहाची विनंती आहे की वीज नेमकी कुठे जाते हे कळल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नये. कारण दोष वायरिंगमध्ये किंवा पंपात असेल, तर नवी बॅटरीही तशीच उतरेल आणि वारंवार पूर्ण उतरल्यामुळे तिचे आयुष्यही अकाली संपेल.

तपासणीला सुरुवात करण्यापूर्वी बॅटरीच्या कप्प्याचे झाकण काही वेळ उघडे ठेवावे. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन वायू तेथे साचलेला असू शकतो आणि पान्याची एक ठिणगीही त्याला पुरते. केबल काढताना आधी निगेटिव्ह काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी.

पहिला प्रश्न, बॅटरी चार्ज तरी होते का? इंजिन मध्यम वेगात चालू असताना १२ व्होल्टच्या बॅटरीच्या टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट घेतलेल्या नौकेवर हा आकडा दुप्पट असतो. तेवढे दिसत नसतील, तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) पट्टा सैल आहे का ते पाहावे आणि त्यानंतर केबल तपासावी. अल्टरनेटरच्या पॉझिटिव्हपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडत असेल, तर केबल किंवा तिचा जोड खराब झाला आहे. खाऱ्या हवेत तांब्याची तार वरच्या आवरणाखाली काळी पडते आणि हा काळेपणा आत सरकत जातो. टोकाचे आवरण दोन बोटे सोलल्यावरही तार चकाकत नसेल, तर नुसते टोक कापून नवा लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) बसवण्यात अर्थ नाही; तेथे कल्हई केलेल्या तारांची नवी केबलच घालावी.

बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह केबल काढून रात्रभर ठेवावी. सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा टिकला असेल, तर बॅटरीवर संशय घेऊ नये. १२.२ म्हणजे ती जवळजवळ निम्मी उतरली आहे, आणि ११.९ च्या खाली ती रिकामीच समजावी. पाणी घालण्याच्या बॅटरीत प्रत्येक सेल हायड्रोमीटरने (आतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने) पाहावा. एकाच सेलचा आकडा इतरांपेक्षा पन्नास अंशांनी (म्हणजे ०.०५० ने) कमी असेल, तर तो सेल गेला आहे आणि अशी बॅटरी बदलणेच योग्य. पाणी घालायचे ते डिस्टिल्डच, विहिरीचे किंवा नळाचे नव्हे.

बॅटरी स्वतःहून उतरत नसेल, तर तिची वीज काहीतरी ओढत आहे. सर्व स्विच बंद करून काढलेली निगेटिव्ह केबल आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्ये आधी १२ व्होल्टचा एक लहान बल्ब जोडावा (२४ व्होल्टच्या नौकेवर २४ व्होल्टचा). तो ठळक पेटला, तर प्रवाह मोठा आहे आणि मीटर लावण्याची घाई करू नये. पेटला नाही, तर मल्टीमीटर १० अँपिअरच्या जागी लावून त्याच ठिकाणी जोडावा आणि एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजबरोबर आकडा खाली येतो, त्या वाटेवर चोर आहे. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये. केवळ अर्धा अँपिअर प्रवाह सतत वाहत राहिला, तरी दिवसाला १२ अँपिअर-तास खर्ची पडतात, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्मी होते.

येथे बिल्ज पंपाकडे विशेष लक्ष द्यावे, अशी आमची कळकळीची सूचना आहे. माणूस नसतानाही तळातले पाणी उपसले जावे म्हणून हा पंप मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवर जोडलेला असतो, त्यामुळे मुख्य स्विच बंद करूनही तो वीज घेऊ शकतो. जाळ्याचा तुकडा किंवा डिझेलमिश्रित गाळ अडकून फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा) वरच राहिला, तर पंप कोरडाच चालत राहतो. फ्लोट ठीक असूनही पंप पुन्हापुन्हा चालू होत असेल, तर बॅटरी विसरून आधी पाणी कुठून येते ते शोधावे. बहुधा ते शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो त्या जोडातून येते. शाफ्ट फिरताना ग्लँडमधून थोडे थेंब पडणे स्वाभाविक आहे, परंतु बोट उभी असताना धार लागत असेल, तर ग्लँडमधले पाणी अडवणारे पॅकिंग बदलण्याची वेळ झाली आहे. अशा नौकेची बॅटरी बंदरात पूर्ण उतरली, की पंपही थांबतो आणि पाणी चढत जाते. म्हणून उतरणारी बॅटरी ही केवळ विजेची तक्रार मानू नये.

काही वेळा दोष कशातच नसतो, हिशेब चुकलेला असतो. डेकवर ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे इंजिन बंद ठेवून सहा तास लावले, तर १२ व्होल्टच्या नौकेवर सुमारे ५५ अँपिअर-तास खर्च होतात, आणि परतीच्या तासाभराच्या प्रवासात ते सहसा भरून निघत नाहीत. तेथे एलईडी दिवे लावावेत आणि इंजिन सुरू करण्याची बॅटरी दिव्यांच्या व वायरलेसच्या बॅटरीपासून वेगळी ठेवावी.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नौका शाकारून ठेवण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करून घरी न्यावी. बॅटरीच्या वरच्या पृष्ठभागावर बसलेल्या खाऱ्या ओलाव्यातूनही वीज गळते, म्हणून सेलची झाकणे घट्ट लावून तो पृष्ठभाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावा, नंतर साध्या पाण्याने पुसून कोरडा करावा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज द्यावा.

आमच्याकडे तपासणीसाठी येताना रात्रभर ठेवल्यानंतरचा व्होल्ट, इंजिन चालू असतानाचा व्होल्ट आणि सर्व स्विच बंद असतानाचा प्रवाह, हे तीन आकडे कागदावर लिहून आणावेत. ते घेता आले नाहीत, तर आमचा कारागीर जेटीवर येऊन नौकेवरच घेईल.