यॉट मागे घेताना ती आडवी का सरकते?

बेलापूरच्या धक्क्यावरून २०२२ मध्ये वॉटर टॅक्सी सुरू झाल्यापासून खाडीकाठी उभे राहून बोटी न्याहाळणाऱ्यांच्या तोंडी एक स्पष्टीकरण वारंवार ऐकू येते. एका इंजिनाची यॉट मागे घेताना तिचा मागचा भाग बाजूला ओढला जातो, कारण खोल पाणी अधिक घन असते आणि पंख्याच्या (प्रोपेलरच्या) खालच्या पात्याला जास्त जोर मिळतो, असे सांगितले जाते. बोट ओढली जाते हे खरे, पण कारण चुकीचे आहे. एक मीटर खोलीवर पाण्याची घनता लाखात जेमतेम अर्ध्या भागाने वाढते आणि एवढ्याशा फरकाने काही टनांची यॉट हलत नाही.

खरे कारण फार सुंदर आहे. बहुतेक यॉटचा पंखा, मागून पाहिल्यास, पुढे जाताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि रिव्हर्समध्ये उलट. पुढे जाताना त्याने ढकललेले पाणी मागे मोकळ्या खाडीत निघून जाते. रिव्हर्समध्ये मात्र तोच झोत पिळा घेत बोटीच्या तळाकडे, म्हणजे पुढे, धावतो. पंखा उलटा फिरत असल्याने उजव्या बाजूचे पाणी वर उसळते व बोटीच्या उजव्या कुशीवर आदळते, तर डाव्या बाजूचे पाणी खाली वळून तळाखालून निसटते. एकीकडे धक्का बसतो, दुसरीकडे जवळजवळ काहीच नाही. म्हणून मागचा भाग डावीकडे जातो. पंख्याचा दांडा मागे खाली कललेला असल्यास वर जाणारे आणि खाली येणारे पाते पाण्याला वेगवेगळ्या कोनांत कापते, त्यानेही या ओढीत भर पडते. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, लिंबू-मिरची बांधून किंवा बोटीची दृष्ट काढून हे बल कमी होत नाही, कारण ते पंख्याच्या फिरण्यातूनच निर्माण होते.

बोट जागेवर असताना ही ओढ सर्वांत जास्त जाणवते, कारण त्या वेळी सुकाणूवरून पाणी वाहतच नसते आणि पंख्याचा झोतही त्याच्यापासून दूर जात असतो. चाक कितीही फिरवले तरी परिणाम शून्य. म्हणून जाणता तांडेल आधी रिव्हर्सचा छोटा, ठाम झटका देतो, बोट पुरेशी सरकू लागली की इंजिन न्यूट्रलला आणतो, आणि मग वाहत्या पाण्यात सुकाणू काम करू लागते. मागे जाताना पाणी सुकाणूच्या मोकळ्या कडेवर समोरून येत असल्याने ते झटक्यात एका बाजूला फेकले जाऊ शकते. तेव्हा चाक किंवा सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरावा आणि दांड्याच्या फेऱ्यात कोणालाही बसू देऊ नये.

वाऱ्याकडेही लक्ष हवे. यॉटची नाळ हलकी व उंच असल्याने वारा तिलाच प्रथम ढकलतो, आणि मागे जाणाऱ्या बोटीचा मागचा भाग आपोआप वाऱ्याकडे वळू पाहतो. त्याला विरोध करण्यापेक्षा वाऱ्याकडेच मागे जाण्याचे नियोजन करणे सोपे. ओहोटीच्या प्रवाहात मात्र बोट पाण्यासकट वाहत असते, आणि सुकाणूला केवळ पाण्यातला वेग कळतो, धक्क्याच्या तुलनेतला नव्हे. म्हणून नजर धक्क्यावरच्या खांबांवर ठेवावी. रिव्हर्स टाकण्यापूर्वी मागे लोंबणारा एखादा दोर पाण्यात राहिलेला नाही ना, हे पाहावे, कारण उलट्या फिरणाऱ्या पंख्याकडे तो थेट ओढला जातो.