काळीज विष मारतं, या समजुतीची पार्श्वभूमी

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोरच्या रांगेत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "त्यात जरा काळीज टाका की." इथं काळीज म्हणजे यकृत. बाकी मराठीत काळीज तुटतं, काळजाचं पाणी होतं, तेव्हा आपल्या मनात असतं ते हृदय. शरीररचनेच्या बाबतीत कोल्हापूरचा खाटीक कवींपेक्षा जास्त अचूक आहे, एवढं मानायला हवं.

त्याच सकाळी रंकाळ्यावर फिरून आलेली मंडळी कारल्याचा नाहीतर दुधीचा रस घेताना म्हणतात, "लिव्हर साफ राहतं." या बोलण्यामागचं चित्र असं : यकृत म्हणजे गाळणी, तिच्यात विष अडकतं, मग ती अधूनमधून धुवायला हवी. हे चित्र चुकीचं आहे. पण त्याचा सगळा दोष रसवाल्याला देता येत नाही. विज्ञानानंच शंभर वर्षं जवळजवळ हीच भाषा वापरली होती.

गोष्ट सुरू होते घोड्याच्या मुतापासून. १८२९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी त्यातून एक आम्ल वेगळं काढलं. ग्रीकमध्ये घोड्याला हिप्पोस म्हणतात, म्हणून त्याचं नाव हिप्प्युरिक आम्ल. पुढं १८४१ मध्ये लंडनचे वैद्य अलेक्झांडर यूर यांनी माणसाला बेन्झोइक आम्ल दिलं. ऊद जाळल्यावर जो वास येतो, त्या ऊदातून हे आम्ल निघतं. यूर यांना संधिवातावर, म्हणजे गाउटवर, इलाज हवा होता. पण लघवीत सापडलं ते हिप्प्युरिक आम्ल. पोटात गेलं एक, बाहेर आलं दुसरं. मधल्या वाटेत शरीरानं बेन्झोइक आम्लाला ग्लायसीनचा, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्यांतल्या एका लहान घटकाचा, तुकडा जोडून दिला होता. बाहेरून आलेला पदार्थ शरीर स्वतःच्या हातानं बदलतं, याचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा.

मग असे जोड एकामागून एक सापडू लागले. शस्त्रक्रियेत कार्बोलिक आम्लाचा वापर वाढला आणि ते अंगात मुरलेल्यांची लघवी काळपट होऊ लागली. १८७६ मध्ये बाउमान यांनी दाखवलं की, त्या फिनॉलला, म्हणजे कार्बोलिक आम्लालाच, शरीर सल्फेट जोडतं. कुठं ग्लायसीन, कुठं सल्फेट, कुठं साखरेपासून बनलेलं ग्लुकुरोनिक आम्ल.

हे जोडकाम कशासाठी, ते ज्यानं तांबड्या रश्श्याचं ताट घासलंय त्याला सांगावं लागत नाही. वरचा कट नुसत्या पाण्यानं जात नाही. बरीच औषधं आणि विषंही अशीच तेलकट स्वभावाची असतात. मूत्रपिंडानं ती गाळली तरी नळीतून पुन्हा रक्तात झिरपतात. यकृत त्यांना पाण्यात विरघळणारं काहीतरी जोडून देतं, मग ती लघवीतून किंवा पित्तातून निघून जातात. गुऱ्हाळात उकळत्या रसात भेंडीचं पाणी घालतात, ते गाळाला धरतं आणि मळी वर आली की गुळव्या ती काढून टाकतो. काहीतरी चिकटवून बाहेर काढायचं, एवढ्यापुरतं हे दोन्हीकडं सारखं. फरक असा की गुळव्याला मळी कुठली आणि रस कुठला, हे कळतं. यकृताला तसं काही कळत नाही. समोर आलेला रेणू आपल्या एन्झाइमच्या, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या, खाचेत बसतोय का, एवढाच त्याचा हिशेब.

इथंच भाषेनं घोळ केला. जुन्या अभ्यासकांनी या सगळ्याला 'डिटॉक्सिकेशन' म्हणजे निर्विषीकरण म्हटलं. १९४७ मध्ये वेल्श शास्त्रज्ञ आर. टी. विल्यम्स यांनी तोवरचं सगळं ज्ञान एका ग्रंथात एकत्र केलं, त्याच्या नावातही हाच शब्द होता. आधी रेणूला पकडायला जागा करायची, मग तिथं काहीतरी जोडायचं, हे दोन टप्पे आजही शिकवतात, ते विल्यम्स यांनीच १९५९ च्या आवृत्तीत मांडले. पण निर्विषीकरण म्हटलं की, आत गेलं ते विष आणि बाहेर पडलं ते निरुपद्रवी, असंच डोक्यात बसतं. प्रत्यक्षात उलटंही घडत होतं.

त्यातलं सगळ्यात रंगतदार प्रकरण एका चुकीतून सुरू झालं. १८८६ मध्ये स्ट्रासबर्गला कान आणि हेप हे दोन डॉक्टर जंतांच्या रुग्णांना नॅप्थलीन, म्हणजे आपली डांबराची गोळी, देऊन पाहत होते. एका रुग्णाचे जंत तसेच राहिले, पण ताप उतरला. चौकशी केली तेव्हा कळलं की, औषधवाल्यानं नॅप्थलीनऐवजी ॲसिटानिलाइड दिलं होतं. चूक पचली आणि ते अँटिफेब्रिन या नावानं तापाचं औषध म्हणून बाजारात आलंही. फक्त ते घेणाऱ्या काहींचे ओठ-नखं निळी पडत, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडून प्राणवायू वाहायला नालायक होई.

असं का होतं, याचं उत्तर मिळायला साठ वर्षं लागली. न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस ॲक्सलरॉड यांनी १९४८ मध्ये दाखवलं की, ॲसिटानिलाइडला शरीरात दोन वाटा फुटतात. थोडं ॲनिलीन बनतं आणि रक्त बिघडवणारं ते हेच. बाकीच्या बऱ्याच भागाचं पॅरासिटामॉल होतं आणि दुखणं कमी करतं ते हे. म्हणजे खरं औषध लोकांच्या शरीरातच तयार होत होतं. पॅरासिटामॉल प्रयोगशाळेत १८७८ सालीच बनलं होतं, पण त्याला कुणी फारसं विचारलं नव्हतं. ॲक्सलरॉड तेव्हा पीएचडीही नव्हते. १९७० चं नोबेल त्यांना मिळालं ते मात्र मज्जातंतूंवरच्या वेगळ्याच कामासाठी.

हे बदल कोण करतं? १९५० च्या दशकात ॲक्सलरॉड यांनीच सशाच्या यकृताचा लगदा करून त्याचे थर वेगळे केले. पेशीतल्या बारीक पटलांच्या तुकड्यांत हे एन्झाइम सापडले. काम करायला त्यांना प्राणवायू आणि एक सहघटक, म्हणजे मदतनीस रेणू, लागत होता. १९५८ मध्ये याच तुकड्यांवर कार्बन मोनॉक्साइड सोडल्यावर क्लिंगेनबर्ग यांना एक रंगद्रव्य दिसलं, जे ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषत होतं. त्याचं काम काय, ते कळेना. १९६२ मध्ये जपानच्या ओमुरा आणि सातो यांनी ते लोहयुक्त प्रथिन असल्याचं दाखवलं आणि त्याला तात्पुरतं नाव दिलं पी-४५०. पी म्हणजे पिगमेंट. तात्पुरतं नाव कायम राहण्याचा प्रकार फक्त आपल्या नगरपालिकांतच होतो असं नाही. प्राणवायूचा एक अणू रेणूत घुसवायचा आणि दुसऱ्याचं पाणी करायचं, ही या एन्झाइमची करामत. माणसात या घराण्याची ५७ जनुकं आहेत.

या करामतीची काळी बाजू आपल्या उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यानं ओळखावी अशी आहे. हुमणी या मुळं खाणाऱ्या अळीसाठी वापरलं जाणारं क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मूळ रूपात तितकंसं जहाल नसतं. यकृतातलं पी-४५० त्यातला गंधक काढून प्राणवायू बसवतं आणि जे बनतं ते नसांच्या संदेशांवर ताबा ठेवणाऱ्या एन्झाइमला जखडून टाकतं. लाळ, घाम, बाहुल्या बारीक, श्वास अडकणं हे सगळं त्यातून. फवारणीनंतर थोडा वेळ बरं वाटून मग त्रास सुरू होऊ शकतो, त्याचं एक कारण हे रूपांतर. त्यावर उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात. गंमत म्हणजे, त्या नव्या विषाला तोडणारा पॅराऑक्सोनेज हा एन्झाइमही यकृतच बनवून रक्तात सोडतं. मारणारंही यकृतच आणि तारणारंही यकृतच.

बुरशी लागलेल्या शेंगदाण्याचंही तसंच. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले. कारण निघालं ब्राझीलहून आलेल्या शेंगपेंडीतली बुरशी. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन नाव पडलं. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात पावसात भिजलेला मका खाऊन कावीळ झालेल्यांपैकी शंभरावर माणसं दगावली. हे विषही यकृतात बदलल्यावरच पेशीच्या डीएनएला चिकटतं.

माणसामाणसांत फरक असतो, हे कळलं क्षयाच्या गोळीमुळं. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं आणि लवकरच लक्षात आलं की, काहींच्या रक्तातून ती झटकन जाते, काहींच्या तासन्‌तास राहते. ज्यांचं एन्झाइम मंद, त्यांच्या हातापायांना मुंग्या येण्याचा धोका जास्त. म्हणून सोबत ब-६ जीवनसत्त्व देतात. भारतात निम्म्याहून अधिक लोक या मंद गटातले. लघवी लालसर करणारी दुसरी गोळी, रिफाम्पिसिन, यकृताला उलट जास्त एन्झाइम बनवायला लावते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती घेणाऱ्या काही बायकांना गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना दिवस गेले, तेव्हा हे उजेडात आलं. रोजची गोळी वाढलेल्या एन्झाइमनं आधीच फस्त केलेली असे. टीबीचा कोर्स सुरू होताना चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा म्हणतात, ते यासाठी.

राहिलं पॅरासिटामॉल. १९६६ मध्ये ब्रिटनमधून बातम्या आल्या की, एकदम भरपूर गोळ्या घेतलेल्यांचं यकृत सडतं. कोडं सोडवलं ते १९७३ मध्ये ब्रॉडींच्याच प्रयोगशाळेतल्या लोकांनी. नेहमीच्या डोसात बहुतेक औषधाला ग्लुकुरोनिक आम्ल नाहीतर सल्फेट जोडलं जातं. थोडासाच वाटा पी-४५० कडं जातो आणि त्याचं एक जळजळीत रूप बनतं. ग्लुटाथायोन नावाचा रेणू त्याला तिथंच गाठतो. फार गोळ्या पोटात गेल्या की हा साठा संपतो आणि ते रूप पेशींनाच खाऊ लागतं. या शोधातूनच उतारा निघाला : ग्लुटाथायोनचा कच्चा माल पुरवणारं ॲसिटिलसिस्टीन. गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत मिळालं तर यकृत बहुधा वाचतं. पहिल्या दिवशी माणूस मळमळीपलीकडं ठणठणीत दिसतो. घरचे म्हणतात, आता बरा आहे की. त्यातच ते आठ तास निघून जातात.