वेचणीच्या काट्यावर रक्ताचं वजन

दिवाळी सरली की अमळनेर-चोपड्याकडच्या शिवारात कापूस वेचणीला जोर येतो. मजुरी किलोवर मिळते. संध्याकाळी बांधावर काटा टांगला जातो आणि दिवसभर कमरेच्या ओटीत गोळा केलेला कापूस गाठोडं करून त्यावर चढतो. गेल्या हंगामात मावशीच्या शेतात मी हे वजन होताना उभा होतो. दोघी जावा, वय जवळजवळ सारखंच, सकाळी एकाच वेळी सरीला लागलेल्या. एकीचं गाठोडं दुसरीपेक्षा निम्म्यानं हलकं भरलं. कुणीतरी म्हणालं, तिचा हातच चालत नाही. ती खाली बसत एवढंच म्हणाली, "आंगमा दम नही शे, माय." तिच्या डोळ्याची खालची पापणी आतून लालसर नव्हती, पांढुरकी होती.

दम नाही, हे तिचं वाक्य शरीरशास्त्राच्या दृष्टीनं अगदी अचूक आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसातला ऑक्सिजन उचलून स्नायूंपर्यंत पोचवतं. 1 ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलिलीटर ऑक्सिजन वाहून नेतं. गरोदर नसलेल्या बाईच्या 100 मिलिलीटर रक्तात ते किमान 12 ग्रॅम असावं, म्हणजे सुमारे 16 मिलिलीटर ऑक्सिजनची सोय झाली. तेच 8 ग्रॅमवर आलं तर ही सोय पावणेअकरा मिलिलीटरच्या आसपास उरते. हृदय धडधडून, जास्त रक्त फिरवून तूट भरू बघतं. बसल्या जागी हे निभावतं. पण ओणवं होऊन बोंडामागून बोंड वेचायचं, वर ओटीचं ओझं सांभाळायचं, तिथे छाती भरून येते आणि हात मंदावतो. याला आळस म्हणणं हा त्या बाईवर अन्याय आहे.

आपल्या देशाची लोकसंख्या कमावत्या वयाची आहे, असं आपण अभिमानानं सांगतो. ते खरंच आहे. महाराष्ट्रात दर बाईमागे मुलांची सरासरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 1.7 पर्यंत उतरली. मुलं कमी झाली की काही दशकं तरी खाणाऱ्या तोंडांच्या मानानं कमावणारे हात जास्त असतात. पण याच सर्वेक्षणात राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांमध्ये रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरता, आढळला. आधीच्या, 2015-16 च्या फेरीत हा आकडा 48 टक्के होता. पुरुषांमध्ये तो 22 टक्क्यांच्या आसपास आहे. हात मोजले गेले, त्या हातांतलं रक्त तेवढ्या काळजीनं मोजलं गेलं नाही.

खान्देशात याला आणखी एक दुखरी किनार आहे. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागे 842 मुली होत्या. 2001 मध्ये त्या 880 होत्या. 2011 मधल्या त्या चिमुरड्या आज पंधरा-विशीच्या घरात आहेत, म्हणजे नेमक्या कमावत्या वयात पाऊल ठेवतायत. आधीच कमी जन्मू दिलेल्या या मुली अशक्त राहिल्या, तर ते आपल्याला कसं चालेल?

अंगातला दम गेला की मजुरी किती बुडते, हे इंडोनेशियातल्या रबराच्या मळ्यांत तपासलं गेलंय. 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तक्षय असलेले मजूर निरोगी सोबत्यांपेक्षा कमी चीक गोळा करत असल्याचं दिसलं. हिमोग्लोबिन बनायला लागणारं लोह त्यांना 60 दिवस रोज 100 मिलिग्रॅम दिल्यावर त्यांचं काम निरोगी मजुरांच्या जवळपास पोचलं. तिथेही मजुरी चिकाच्या वजनाशी बांधलेली होती. आपल्या वेचणीसारखीच.

मग लोह जातं कुठे? 1 मिलिलीटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, ते पाळीतून दर महिन्याला जातं. अनवाणी पायांतून शिरणारा अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. आणि ताटातलं लोह अंगी लागत नाही. भाकरी, डाळ, पालेभाजीतलं लोह जेमतेम दहा टक्क्यांच्या आतबाहेर शोषलं जातं. जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यातलंही अडवतो, लिंबू मात्र वाढवतो. आपल्याकडे रावेर-यावलचं केळं ताकदीचं म्हणून दिलं जातं. केळं जरूर खावं, पण 100 ग्रॅम केळ्यात लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसतं आणि बाईची रोजची गरज 29 मिलिग्रॅम धरलेली आहे.

नंदुरबारकडे प्रश्न वेगळा आहे. जिल्ह्यात दोन तृतीयांशाहून जास्त लोक आदिवासी, आणि भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आजार आढळतो. तिथे रक्त कमी असण्याचं मूळ आनुवंशिक असू शकतं. ते नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी सुटत नाही, त्यामुळे सिकलसेलची तपासणी आधी हवी.

बाकी शिवारात मला सगळ्यात सलते ती मधली पोकळी. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. विशीनंतरच्या बायकांसाठी लाल गोळी कागदावर आहे. पण शाळा सुटून वेचणीला लागलेल्या पोरीच्या रक्ताची विचारपूस अनेकदा थेट दिवस गेल्यावरच होते. मावशीकडच्या त्या बाईनं गोळ्या घेतल्याही होत्या, शौचाला काळं होतं म्हणून घाबरून सोडल्या. लोहाच्या गोळ्यांनी तसं होतंच, त्यात धोका नसतो, एवढं एक वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं.

उपचार सुरू झाला की हिमोग्लोबिन महिन्याला साधारण 1-2 ग्रॅमनं चढतं, आणि ते पुरेसं झाल्यावरही शरीरातला साठा भरायला पुढे दोन-तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. म्हणजे वेचणीच्या तोंडावर तपासून हंगाम हाती लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घराघरात चार दिवस उसंत असते. तेव्हा घरातल्या लेकीला जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन बोटाच्या थेंबाची तपासणी करून आणायची. आखाजीपासून दिवाळीपर्यंत जवळपास सहा महिने मिळतात.