गेटमॉन: अतिसंवाहक क्यूबिटमध्ये अर्धसंवाहक तार कशी आली

इंदूरच्या मराठी कुटुंबांना ‘कॅट’ हे नाव घरचे आहे, त्यामुळे अतिसंवाहकता, म्हणजे अतिथंड पदार्थातून रोधाशिवाय वीज वाहणे, हा विषय इथे अगदीच परका नाही. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात (पूर्वीच्या ‘कॅट’मध्ये) कणत्वरकांसाठी निओबियमच्या अतिसंवाहक पोकळ्या घडवल्या जातात, आणि खंडवा रोडवरच्या यूजीसी-डीएई कन्सॉर्टियमच्या प्रयोगशाळेत द्रवरूप हेलियमच्या तापमानाला पदार्थांचा अभ्यास चालतो. गेटमॉन नावाच्या क्यूबिटला (क्वांटम संगणकातील माहितीच्या मूळ एककाला) मात्र याहून कितीतरी अधिक, म्हणजे सुमारे २० मिलिकेल्विनपर्यंतची थंडी लागते.

त्याचे मूळ १९६२ सालच्या एका भाकितात आहे. दोन अतिसंवाहकांमध्ये विद्युतरोधकाचा अतिशय पातळ थर असला, तरी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या व्होल्टेजशिवाय पलीकडे जाऊ शकतात, असे केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसन यांनी वयाच्या २२ व्या वर्षी दाखवून दिले. अशा रचनेला जोसेफसन जंक्शन म्हणतात. तिच्यावर आधारलेला पहिला क्यूबिट १९९९ मध्ये जपानमधील एनईसीच्या प्रयोगशाळेत नाकामुरा, पाश्किन आणि त्साई यांनी चालवून दाखवला. विद्युतभारातील किरकोळ चढउतारांनी तो फार लवकर बिघडत असे, आणि २००७ मध्ये येल विद्यापीठातून पुढे आलेल्या ट्रान्समॉन या क्यूबिटने जंक्शनला मोठा कपॅसिटर जोडून हा दोष बऱ्याच अंशी घालवला. तरी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर एकदा बनला की जंक्शनची ताकद ठरून जाते, आणि क्यूबिटची वारंवारता (ज्या सूक्ष्मलहरीला तो प्रतिसाद देतो तिची) बदलायची तर दोन जंक्शनांचे वेटोळे करून त्यातून चुंबकीय क्षेत्र न्यावे लागते. त्यासाठीचा प्रवाह शीतपेटीत उष्णता आणतो आणि शेजारच्या क्यूबिटांनाही धक्का देतो.

ज्या कामातून यावर उपाय निघाला, ते क्यूबिटसाठी मुळात चाललेच नव्हते. २००५ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या संशोधकांनी इंडियम आर्सेनाइड या अर्धसंवाहकाच्या नॅनोतारेतून अतिप्रवाह (रोधाशिवायचा प्रवाह) नेला आणि गेटच्या, म्हणजे तारेजवळच्या इलेक्ट्रोडच्या, व्होल्टेजने तो कमीजास्त करून दाखवला. पुढे २०१२ पासून अशाच तारांमध्ये मायोराना अवस्थांचा (तारेच्या टोकांशी अपेक्षित असलेल्या, क्वांटम संगणकासाठी उपयोगी मानलेल्या विशेष अवस्थांचा) शोध जोरात सुरू झाला. अडचण सांध्याची होती: तार भट्टीबाहेर काढली की पृष्ठभागावर ऑक्साइड चढते, ते खरवडून वर धातू बसवला तरी सांधा मळकाच राहतो, आणि अतिसंवाहकात इलेक्ट्रॉनांसाठी जिथे एकही अवस्था नसावी त्या ऊर्जापट्ट्यात अवस्था शिल्लक राहतात. कोपनहेगनच्या गटाने निर्वात न मोडता त्याच यंत्रात तारेवर ॲल्युमिनियमचा थर वाढवला, दोन्ही स्फटिकांचे अणू जुळून बसले, आणि २०१५ च्या सुमारास तो पट्टा स्वच्छ झाला. माझ्या मते या इतिहासातला खरा टप्पा हाच आहे. क्यूबिट त्याचे फळ म्हणावे लागेल.

त्याच वर्षी कोपनहेगन आणि डेल्फ्ट येथील दोन गटांचे निबंध एकाच नियतकालिकात लागोपाठ छापून आले. कोपनहेगनच्या रचनेत शंभर नॅनोमीटरहून बारीक तारेवरचा ॲल्युमिनियमचा एक छोटा तुकडा रसायनाने काढून टाकलेला होता. उघड्या पडलेल्या त्या भागाशेजारी गेट, आणि बाकीचे सर्व ट्रान्समॉनसारखेच. गेटचे व्होल्टेज बदलले की वारंवारता बदलते, प्रवाह वाहवावा लागत नाही. पण क्यूबिटचे आयुष्य, म्हणजे त्याची अवस्था टिकण्याचा काळ, सुमारे एक मायक्रोसेकंदच भरले, तेव्हा ट्रान्समॉन दहापट आणि त्याहूनही अधिक टिकत होते. शिवाय तारेत इलेक्ट्रॉनांना वाटा मोजक्याच असल्यामुळे वारंवारता व्होल्टेजबरोबर सरळ वाढत नाही, ती वरखाली हेलकावत जाते. ज्या गेटने सोय केली, त्याच गेटने विद्युतभाराच्या गोंगाटाला पुन्हा दार उघडून दिले.

मायोरानाच्या बाजूला दरम्यान नामुष्की आली: डेल्फ्टचा २०१८ मधील गाजलेला निबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. सामग्रीचे तंत्र मात्र त्यामुळे खोटे ठरले नाही, आणि २०२१ मध्येच येलच्या गटाने अशाच तारेच्या जंक्शनमध्ये अडकलेल्या एका इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर (त्याच्या अंगभूत चुंबकीय गुणधर्मावर) आधारलेला क्यूबिट सादर केला. तारा सुईच्या टोकाने एकेक उचलून चिपवर ठेवाव्या लागतात, ही अडचण उरलीच होती. म्हणून २०१८ पासून कोपनहेगनने सपाट अर्धसंवाहक थरावर गेटमॉन कोरायला घेतले, आणि त्या थराखालच्या आधारपदार्थात वाया जाणारी ऊर्जा हा आता मुख्य प्रश्न आहे.