पार्श्वभूमी: लंडनच्या निवृत्त डबलडेकर आणि त्यांची परदेशातील सेवा

९ डिसेंबर २००५ रोजी १५९ क्रमांकाच्या मार्गावरील शेवटची रूटमास्टर, म्हणजे मागे उघडी पायरी असलेली लंडनची लाल डबलडेकर, मार्बल आर्चहून निघून ब्रिक्स्टनच्या आगारात शिरली, तेव्हा तिला निरोप देण्यासाठी रस्त्यावर मोठी गर्दी लोटली होती. लंडनच्या जुन्या लाल डबलडेकरविषयीचा जिव्हाळा आज बहुतांशी त्या एका दिवसाभोवती गोळा झालेला दिसतो. लंडनने बाद केलेल्या बस परदेशी जाण्याचा इतिहास मात्र त्याआधी जवळपास अर्धे शतक सुरू झाला होता आणि त्यामागे हौस नव्हती, गरज होती.

रूटमास्टरच्या आधीच्या ‘आरटी’ कुळातील सुमारे सात हजार बस प्रामुख्याने १९४७ ते १९५४ या काळात बांधल्या गेल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत खासगी मोटारी आणि दूरचित्रवाणी यांमुळे प्रवासी घटू लागले, १९५८ मध्ये बस कर्मचाऱ्यांचा सात आठवड्यांचा संप झाला, आणि चांगल्या चालू स्थितीतील गाड्या अतिरिक्त ठरल्या. त्याच वर्षी १ जानेवारीला सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, खासगी बस कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि नव्या सरकारी मंडळाला गाड्यांची निकड होती. त्यामुळे या बस शेकड्यांनी कोलंबोला गेल्या. तेथेही वाहतूक डाव्या बाजूने चालत असल्यामुळे मागचे दार पदपथाच्याच बाजूला येत होते आणि गाडीत मोठा फेरबदल करावा लागला नाही. या बसनी तेथे वाहकासह रोजच्या फेऱ्या केल्या. जुन्या बसच्या आठवणी काढताना हे प्रकरण जवळपास वगळले जाते, याचे मला वाईट वाटते, कारण बसचे खरे दुसरे आयुष्य म्हणावे ते हेच होते.

उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांत मात्र तेच दार रस्त्याच्या मध्याकडे उघडते. त्यामुळे तेथे नवे दार कापणे किंवा गाडी सहलीपुरती अथवा एका जागी उभी ठेवून प्रदर्शनापुरती वापरणे, असे मार्ग उरतात. कॅलिफोर्नियातील डेव्हिस हे गाव याला सन्माननीय अपवाद आहे. तेथील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९६८ मध्ये लंडनच्या दोन जुन्या आरटी बस आणून सेवा सुरू केली आणि पुढे तीच त्या गावाची नियमित बससेवा झाली.

रूटमास्टर १९५६ मध्ये रस्त्यावर आली. १९६८ पर्यंत तिच्या २,८७६ गाड्या बांधल्या गेल्या. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यामुळे आरटीच्या ५६ आसनांऐवजी तिच्यात ६४ आसने बसली आणि तरीही वजन वाढले नाही. मागच्या उघड्या पायरीवर मधोमध एक दांडा होता आणि जिन्याखाली वाहकाला उभे राहण्यापुरता कोनाडा होता. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या वाटेत न येता वाहक तेथून दोरी ओढून घंटा देई: एक घंटा थांबण्यासाठी, दोन निघण्यासाठी. १९८२ पासून या बस मोठ्या संख्येने लंडनच्या सेवेतून बाद होऊ लागल्या. काही स्कॉटलंडला गेल्या, काही श्रीलंकेलाही.

रूटमास्टर कायमची हटवण्याचा निर्णय आजही वादाचा आहे. अपंगांच्या संघटनांची मागणी साधी होती: सार्वजनिक पैशाने चालणारी बस सर्वांना चढता येईल अशी असावी. चाकाच्या खुर्चीतील प्रवाशाला रूटमास्टरमध्ये कधीच चढता आले नाही आणि लहान मुलाची गाडी घेऊन निघालेल्या आईचेही हालच होत. या मागणीला माझ्या मते उत्तर नाही. परंतु दुमजली बस अपंगांना चढता येईल अशा करण्यासाठी कायद्याने घातलेली मुदत १ जानेवारी २०१७ ही होती. शिवाय रूटमास्टर हटवणाऱ्या लंडनच्या त्याच वाहतूक प्रशासनाने त्याआधी जेमतेम दोन-तीन वर्षांपूर्वी, विकून टाकलेल्या काही रूटमास्टर परत विकत घेऊन, त्यांना नवी इंजिने बसवून रस्त्यावर आणल्या होत्या. मग २००३ ते २००५ या काळात एकामागून एक मार्ग घाईने का बदलले गेले? पायरीवरून पडून होणारे अपघात हे एक कारण होते. वाहकाचा पगार हे दुसरे. भाडे आता कार्डावर आणि बसमध्ये चढण्याआधी घेता येत होते, त्यामुळे वाहक हा निव्वळ खर्च ठरला. खालच्या पातळीचा मजला आणि वाहकाला निरोप हे दोन वेगळे निर्णय होते. ते एकत्र बांधले गेल्यामुळे वाहकाच्या बाजूने बोलणारा प्रत्येकजण अपंगांच्या विरोधात बोलतो आहे असे चित्र उभे राहिले. ९ आणि १५ क्रमांकांच्या मार्गांवर सोयीच्या नव्या बसच्या जोडीने थोड्या रूटमास्टर वारसा म्हणून पुढेही चालवल्या गेल्या, म्हणजे तडजोड अशक्य नव्हती.

मुंबईकरांना हा वाद ओळखीचा वाटेल. १९३७ मध्ये येथे आलेली डबलडेकर लंडनच्या वळणाची होती, तिच्यात प्रत्येक मजल्याला स्वतंत्र वाहक असे, आणि ती कमी होत गेली तेव्हा दोन वाहकांच्या खर्चाचा मुद्दा वारंवार पुढे आला. १५ सप्टेंबर २०२३ रोजी डिझेलवरील शेवटची डबलडेकर सेवेतून गेली. तिच्या जागी वातानुकूलित विजेच्या गाड्या आल्या, परंतु निरोपाच्या भाषणांत वाहकांचा उल्लेख फारसा झाला नाही.

लंडनमध्ये २०१२ साली रूटमास्टरची आठवण जागवणारी, मागे उघडी पायरी असलेली नवी बस आली. तिचा मजला खालच्या पातळीवर होता आणि चाकाची खुर्चीही आत जात होती. मागच्या पायरीवर देखरेखीसाठी एक कर्मचारी असे. २०१६ मध्ये खर्चाच्या कारणावरून हे कर्मचारी काढून घेण्यात आले आणि मग प्रवासादरम्यान मागचे दार बंद ठेवणे भाग पडले.